बोली सोबत नेली, म्हणून शहर जिंकलं

समजा, साल १९५८ आहे आणि तुम्ही रायपूरमध्ये आहात. रात्रीची जेवणं आटोपून लोक शाळेच्या मैदानाकडे निघालेत. आज तिथे 'नाचा' आहे. तुम्हीही सतरंजी घेऊन जाता आणि जागा धरून बसता. नऊच्या सुमारास वाद्यं वाजू लागतात. पडदा नाही, सेट नाही. मधोमध थोडी मोकळी जागा आणि भोवती माणसंच माणसं. एक विदूषक येतो, काहीतरी बोलतो आणि अख्खं मैदान हसतं. मग दुसरा येतो. मग गाणं, मग पुन्हा एखादं सोंग. बघता बघता पहाट होते, पण उठायचं मन होत नाही.

त्या वर्षी अशाच एका रात्री गर्दीत एक माणूस खरोखरच सकाळपर्यंत बसून होता. वय पस्तिशीच्या आसपास. युरोपात तीन वर्षं राहून, नाटकाचं रीतसर शिक्षण घेऊन तो नुकताच भारतात परतला होता आणि घरच्यांना भेटायला रायपूरला आला होता. ज्या शाळेत तो लहानपणी शिकला, त्याच शाळेच्या मैदानात नाचा आहे असं त्याला कळलं आणि तो बघायला गेला. खेळ संपल्यावर तो थेट कलाकारांपाशी गेला आणि त्यांना विचारलं, माझ्याबरोबर दिल्लीला येता का? आपण मिळून एक नाटक करू.

कलाकार हो म्हणाले.

तो माणूस म्हणजे हबीब तनवीर. आणि 'हो' म्हणणारे होते ठाकुरराम, मदनलाल, भुलवाराम, बाबूदास आणि वाद्य वाजवणारे जगमोहन. पुढे सहावे लालूराम त्यांना येऊन मिळाले. गावोगावी रात्रभर खेळ करणारी ही साधी माणसं दिल्लीला निघाली. महानगरात त्यांचा आनंदाचा दिवस उगवला, पण तो लगेच नाही. तो उशिरा का उगवला आणि शेवटी कसा उगवला, हीच आजची गोष्ट आहे. ती तुमच्या-माझ्या घरातलीही आहे, पण ते शेवटी.

नाचा म्हणजे काय?

नागपूरहून रायपूरला रेल्वेने आलात, तर गोंदियानंतर डोंगरगड लागतं, मग राजनांदगाव, दुर्ग, भिलाई आणि मग रायपूर. याच पट्ट्यात, विशेषतः राजनांदगाव-दुर्गच्या गावांमध्ये नाचा फुलला. राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दाऊ मंदराजी यांनी नाचाची मंडळी बांधली, तिला शिस्त लावली. आजही छत्तीसगढ सरकार लोककलेसाठी त्यांच्या नावाने पुरस्कार देतं.

नाचात दोन पात्रं हमखास असतात. एक 'जोक्कड', म्हणजे विदूषक, आणि दुसरी 'परी', म्हणजे बाईच्या वेशातला पुरुष कलाकार. आपल्या तमाशातला सोंगाड्या आणि नाच्या आठवला ना? नात्यातलंच आहे सगळं. पूर्वी मशालींच्या उजेडात खेळ चाले. वाजवणारेही वाद्यं कमरेला बांधून उभ्यानेच वाजवत. त्याला 'खडे साज' म्हणत.

आणखी एक मजेची गोष्ट. नाचामध्ये जे छोटे विनोदी प्रवेश करतात, त्यांना छत्तीसगढीत 'गम्मत' म्हणतात. आपली मराठी 'गंमत' तीच! विदर्भातल्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे 'खडी गंमत' नावाचा लोकप्रकार आहेच. राज्याची सीमा नकाशावर आहे. हसू मात्र दोन्हीकडचं सारखं आहे.

या गमतींना लिहिलेली संहिता नसते. विषय ठरलेला असतो, बाकी बोलणं तिथल्या तिथे सुचतं. सावकार, लोभी म्हातारा, जातीचा ताठा, सासू-सून असं सगळं त्यात येतं. समोरचा माणूस हसला तर कलाकार तोच धागा पुढे ओढतो. प्रेक्षक कंटाळला तर दुसरीकडे वळतो. म्हणजे नाचाचा कलाकार प्रेक्षकाच्या चेहऱ्याकडे बघून नाटक करतो. हे लक्षात ठेवा, कारण दिल्लीत नेमकं इथेच घोडं अडलं.

रायपूरचा मुलगा

पण आधी हबीब तनवीरांबद्दल थोडं. त्यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूरला झाला. शाळा रायपूरचीच, लॉरी म्युनिसिपल हायस्कूल. पुढे कॉलेजसाठी ते नागपूरला गेले आणि १९४४ मध्ये मॉरिस कॉलेजमधून पदवीधर झाले. त्या काळी रायपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. म्हणजे रायपूरच्या मुलासाठी पहिलं 'मोठं शहर' नागपूरच!

१९४५ मध्ये ते मुंबईला गेले. रेडिओवर काम केलं, सिनेमात लिहिलं आणि 'इप्टा' या नाट्यचळवळीत रमले. मग दिल्ली. १९५४ मध्ये 'आग्रा बाजार' हे नाटक केलं. त्यात कॉलेजच्या मुलांबरोबर चक्क ओखला गावातल्या रहिवाशांना रंगमंचावर आणलं. १९५५ मध्ये नाटक शिकायला ते लंडनच्या प्रसिद्ध 'राडा' संस्थेत गेले. नंतर युरोपभर फिरले. बर्लिनमध्ये ब्रेख्तच्या मंडळींची नाटकं महिनोन् महिने पाहिली.

एवढं जग बघून आलेल्या या माणसाला शेवटी काय सापडलं? आपल्याच शाळेच्या मैदानातला नाचा!

तुमच्याही बाबतीत असं कधी झालंय का? सगळीकडे शोधून यावं आणि हवी असलेली वस्तू घरातल्याच फडताळात मिळावी, तसं.

दिल्लीत पाय अडखळले

दिल्लीत पहिलं नाटक ठरलं 'मिट्टी की गाडी'. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाचं हे हिंदी रूप. छत्तीसगढच्या सहा कलाकारांना त्यात भूमिका मिळाल्या. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, हबीबजी आणि त्यांच्या पत्नी मोनिका मिश्रा यांनी 'नया थिएटर' सुरू केलं. नाचाचे कलाकार त्यातही होते.

आता कल्पना करा. ज्यांनी आयुष्यभर मोकळ्या मैदानात, भोवती बसलेल्या लोकांमध्ये खेळ केला, ते आता एका बंदिस्त रंगमंचावर उभे आहेत. प्रेक्षक फक्त समोर, तोही अंधारात. चेहरा दिसत नाही. वाक्य पाठ केलेलं हवं. ते म्हणताना उजवीकडून दोन पावलं पुढे यायचं, मग डावीकडे वळायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

ते चुकायचे. सारखे चुकायचे. हबीबजींनी पुढे स्वतःच हे प्रांजळपणे सांगितलं आहे. ठाकुररामसारखा अव्वल नट, पण डावं-उजवं लक्षात ठेवताना गडबडायचा. हबीबजी चिडायचे. जेवायचा हात कोणता आणि धुवायचा कोणता, हे तरी कळतं ना, असं म्हणायचे. पण काही उपयोग व्हायचा नाही. गावात ज्याच्या एका वाक्यावर मैदान लोटपोट व्हायचं, तोच कलाकार दिल्लीत अवघडून उभा राहायचा.

दुसरी अडचण भाषेची. हे कलाकार बोलायचे छत्तीसगढी आणि नाटक होतं हिंदीत. हिंदी त्यांना समजायची, पण ती त्यांच्या जिभेवर खेळायची नाही. विनोद हा भाषेच्या लयीत असतो. शब्द परका झाला की लय जाते आणि लय गेली की हसूही जातं.

तुम्ही कधी अशा जागी उभे राहिला आहात का, जिथे तुम्हाला सगळं येत असतं, पण भाषा दुसऱ्याची असल्यामुळे तुम्ही अर्धेच दिसता? मुलाखत देताना, शाळेच्या पालकसभेत, बँकेच्या काउंटरवर? मग या कलाकारांचं काय होत असेल, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शिक्षकाने चूक कबूल केली

या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आता येतो. बरीच वर्षं गेली. १९७०च्या सुमारास हबीबजी या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. कलाकार तेच, गुण तेच, मग गावात जे जमतं ते इथे का जमत नाही?

उत्तर त्यांना सापडलं आणि ते त्यांनी स्वतःच्या विरोधात मान्य केलं. कलाकारांचं काहीच चुकत नव्हतं. चूक दिग्दर्शकाची होती. एक तर आपण त्यांची बोली काढून घेतली. दुसरं म्हणजे आखून दिलेल्या हालचालींमध्ये त्यांना जखडलं. ज्याची सगळी ताकद प्रेक्षकाशी थेट बोलण्यात आहे, त्याला आपण खडूच्या रेषेवर चालायला लावलं.

जे घरातल्या मोठ्यांना, शिक्षकांना, साहेबांना क्वचितच जमतं, ते त्यांनी केलं. पद्धत बदलली. छत्तीसगढीत बोला, म्हणाले. हवं तसं फिरा. आधी तुम्ही तुमच्या मनाने करून दाखवा, मग त्यातून आपण प्रवेश बसवू.

१९७३ मध्ये रायपूरला महिनाभराचं नाचा शिबिर झालं. शंभराहून अधिक लोककलाकार आले. नाचातल्या तीन जुन्या गमती निवडून त्या एकमेकींत गुंफल्या आणि नाटक तयार झालं 'गाव का नाम ससुराल, मोर नाम दामाद'. नावच ऐका! 'गावाचं नाव सासर आणि माझं नाव जावई.' पूर्ण छत्तीसगढी नाटक. ते दिल्लीला गेलं आणि जे लोक ही बोली बोलत नव्हते, त्यांनी ते डोक्यावर घेतलं.

म्हणजे दिल्लीला समजावं म्हणून जेव्हा हे कलाकार हिंदी बोलत होते, तेव्हा ते दिल्लीपर्यंत पोहोचत नव्हते. स्वतःच्या बोलीत बोलू लागले, तेव्हा पोहोचले. गंमत आहे ना?

खरं बोलणारा चोर

मग १९७५ साली आला 'चरणदास चोर'. राजस्थानचे लेखक विजयदान देथा यांनी लिहिलेली लोककथा हबीबजींनी घेतली आणि आपल्या कलाकारांबरोबर छत्तीसगढीत उभी केली.

गोष्ट मुलांनाही सांगण्यासारखी आहे. चरणदास नावाचा एक चोर असतो. गुरूपुढे तो गमतीगमतीत चार शपथा घेतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही. हत्तीवर बसून मिरवणुकीत जाणार नाही. कुठल्या राणीशी लग्न करणार नाही. कुणी राजा हो म्हटलं तरी होणार नाही. चोराला हे सगळं कोण विचारणार, म्हणून तो निश्चिंत असतो. पण गुरू आणखी एक शपथ घ्यायला लावतो. खोटं बोलायचं नाही. आणि मग त्या अशक्य वाटलेल्या गोष्टी एकेक करून खरंच समोर येतात. राणी स्वतः लग्नाची मागणी घालते. चरणदास नाही म्हणतो, शब्द मोडत नाही आणि खरेपणापायी जीव गमावतो.

छत्तीसगढच्या सतनामी समाजात सत्य हाच देव मानतात. गुरू घासीदासांची ही शिकवण. त्यांचा 'पंथी' हा वेगवान नाच आणि गाणी हबीबजींनी नाटकात घेतली, त्यामुळे राजस्थानची कथा अगदी इथल्या मातीतली झाली. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी मुलांसाठी 'चरणदास चोर' चित्रपटही केला. त्यात चरणदास झाले आपले लालूराम आणि त्यांच्याबरोबर पडद्यावर होत्या स्मिता पाटील. रायपूरच्या बाजूचा नाचा कलाकार आणि पुण्याची मुलगी एकाच पडद्यावर!

तो आनंदाचा दिवस

आता १९८२ मध्ये या. ऑगस्ट महिना. जागा आहे स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा.

इथे दरवर्षी ऑगस्टमध्ये 'फ्रिंज' नावाचा नाट्यमहोत्सव भरतो. त्याची सुरुवातच मजेशीर आहे. १९४७ मध्ये शहरात एक मोठा महोत्सव भरला, तेव्हा आठ नाटक मंडळ्या आमंत्रण नसताना येऊन थडकल्या आणि कडेकडेला आपले खेळ करू लागल्या. त्यातून हा महोत्सव वाढला. जगभरातून मंडळी येतात. सभागृहात, चर्चमध्ये, शाळेत, जागा मिळेल तिथे नाटक होतं. नव्या उत्तम नाटकांना तिथलं 'द स्कॉट्समन' हे वर्तमानपत्र १९७३ पासून 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार देतं. नाटकाच्या जगात त्याला फार मान आहे.

अशा ठिकाणी नया थिएटरची मंडळी 'चरणदास चोर' घेऊन पोहोचली. हातात वाद्यं, अंगावर आपल्याकडचे कपडे आणि तोंडात छत्तीसगढी. समोरच्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांना त्यातला एक शब्दही कळणार नव्हता. इथे तर हिंदीचाही आधार नाही. पण आता कुणी कुणाला उजवा पाय की डावा पाय असं विचारत नव्हतं. ते मैदानात करायचे तसंच इथेही करत होते. मोकळेपणाने, प्रेक्षकांशी थेट.

'चरणदास चोर'ला त्या वर्षी 'फ्रिंज फर्स्ट' मिळाला.

रात्री विंगेमागे काय झालं असेल, कोण कुणाच्या गळ्यात पडलं असेल, ते आपण मनाशीच रंगवायचं. पण एवढं नक्की, की ज्यांना आपल्याच देशाच्या राजधानीत एकेकाळी आपली जीभ जड वाटली होती, त्यांच्या बोलीला सातासमुद्रापार दाद मिळाली. कष्टकरी कलाकारासाठी याहून मोठा आनंदाचा दिवस कोणता?

आणि या यशात हुशार कोण ठरलं? दिग्दर्शक तर होतेच. पण त्याहून जास्त ते कलाकार, ज्यांनी आपली चाल सोडली नाही.

तिच्या हातातला तंबोरा

याच भागातली आणखी एक गोष्ट, विशेषतः मैत्रिणींसाठी. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई. पंडवानी म्हणजे पांडवांची कथा गाणाऱ्या. पूर्वी बायकांनी पंडवानी गायलीच तर बसून गायची, अशी रीत होती. उभं राहून, अभिनय करत, गर्जत गायची ती 'कापालिक' शैली पुरुषांची मानली जायची. तीजनबाई उभ्या राहिल्या. त्यापायी त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला, घर सोडून वेगळं राहावं लागलं. तेराव्या वर्षी त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला, बिदागी मिळाली १० रुपये.

त्यांचा कार्यक्रम तुम्ही पाहिला नसेल तर आज मोबाईलवर जरूर पाहा. हातात फक्त एक तंबोरा. तो कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचं धनुष्य, तर कधी द्रौपदीचे मोकळे केस. भाषा छत्तीसगढीच. याच भाषेत त्या देश-विदेशांतल्या मोठमोठ्या शहरांत गायल्या. २००३ मध्ये पद्मभूषण, २०१८ मध्ये जपानचा फुकुओका पुरस्कार आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण. शहरांनी त्यांना बोली बदलायला सांगितलं नाही, कारण त्यांनी शहरांना तशी संधीच दिली नाही.

टाळ्या थांबल्यावर

मात्र गोड गोड बोलून थांबलो, तर या कलाकारांवर अन्याय होईल. आनंदाचा दिवस एक असतो. बाकीचे ३६४ दिवस पोट असतं.

गोविंदराम निर्मलकर हे नया थिएटरचे फार मोठे नट. राजनांदगावजवळच्या मोहारा गावचे. 'चरणदास चोर'मध्ये चरणदासची भूमिका करून ते घराघरांत ओळखले जाऊ लागले. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण उतारवयात आजारपण आणि पैशांची चणचण यांनी त्यांना गाठलं. २०१४ मध्ये ते गेले. हबीबजी स्वतः ८ जून २००९ रोजी भोपाळमध्ये गेले.

लोककलाकाराला महिन्याचा पगार नसतो. आजारपणाची रजा नसते. कार्यक्रम झाला तर पैसे, नाही तर शेती-मजुरी. नाचाच्या मंडळ्यांचा हंगाम शेतीची कामं उरकल्यावर सुरू होतो तो त्यामुळेच. झाडीपट्टीचंही तसंच. पिकं निघाली की नाटकं सुरू. तिथले ज्येष्ठ कलाकार परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा विदर्भाला किती आनंद झाला! पण तो आनंद टिकवायचा असेल, तर आपल्यासारख्या प्रेक्षकांनाही थोडं काम आहे.

तुम्ही काय करू शकता?

मुलांना घेऊन जा. तुमच्या गावात किंवा शहरात तमाशा, दशावतार, दंडार, नाचा, पंडवानी, काहीही असो, मुलांना एकदा तरी प्रत्यक्ष दाखवा. सगळं समजलं नाही तरी चालेल. एडिनबराच्या लोकांनाही शब्द कळले नव्हते.

जमलं तर पुढे बसा आणि मोबाईल खाली ठेवा. लोककलाकार तुमचा चेहरा बघून खेळ रंगवतो. चेहऱ्यासमोर फोन धरलात, तर त्याला कोण दिसणार? एखादा फोटो काढा आणि मग मनसोक्त हसा. तुमचं हसणं हा त्या खेळाचाच भाग आहे.

घासाघीस करू नका. सोसायटीच्या गणपतीत, लग्नात किंवा शाळेच्या कार्यक्रमात कलाकार बोलावलात, तर ठरलेली रक्कम वेळेवर द्या. येण्या-जाण्याचं भाडं, जेवण, कपडे बदलायला आडोशाची खोली आणि प्यायला पाणी एवढं तरी आधीच बघून ठेवा. बाईमाणूस असेल तर रात्री घरी परतायची सोय विचारा.

'आमच्या लोकांना समजेल असं करा' असं म्हणू नका. कलाकाराला त्याच्या भाषेत करू द्या. हवं तर सुरुवातीला दोन मिनिटांत गोष्ट सांगा. बाकीचं तो बघून घेईल.

घरात बोली चालू द्या. आजी वऱ्हाडी बोलते, आजोबा मालवणी बोलतात, शेजारच्या मावशी छत्तीसगढी बोलतात. मुलांनी त्यांची नक्कल केली तर रागावू नका. आणि मुलं आजीच्या बोलण्याला हसत असतील, तर आजीबरोबर हसताहेत की आजीला हसताहेत, एवढं मात्र नीट बघा.

गुढियारीतून

रायपूर स्टेशनच्या एका बाजूने बाहेर पडलात की शहर लागतं आणि दुसऱ्या बाजूने आमचं गुढियारी. घाऊक बाजार, मालाच्या गाड्या आणि दिवसभर कानावर येणारे रेल्वेचे भोंगे. दुकानात हमाल छत्तीसगढीत बोलतात, शेठ हिंदीत, आमच्या घरात मराठी आणि मी शिकले इंग्रजीत बीए.

कॉलेजात असताना आईचा फोन आला की मी आवाज अगदी खाली आणून मराठीत बोलायचे. कुणी काही म्हणत नव्हतं. मलाच वाटायचं, आपण गावंढळ दिसू. मग एका सुट्टीत हबीब तनवीर आणि त्यांच्या कलाकारांबद्दल वाचलं. ठाकुररामचं डावं-उजवं वाचून आधी हसू आलं, मग मी गप्प झाले. एवढा मोठा नट, पण दुसऱ्याच्या रेषेवर चालताना अडखळला. आणि मी तर कुणी न आखलेल्या रेषेवर चालत होते.

आता आईचा फोन आला की मी नेहमीच्या आवाजात बोलते. परवा बाजारात फोनवर तिला म्हणत होते, "अगं आई, वांगी घेऊ की दोडकी?" तर भाजीवाली काकू हसून छत्तीसगढीत म्हणाली, दोन्ही घे, दोन्ही ताजी आहेत. तिला मराठी येत नाही. तरी सगळं कळलं.

मोठं शहर काही फार लांब नसतं. कधी ते दिल्लीत असतं, कधी एडिनबरात, तर कधी आपल्याच ऑफिसात किंवा मुलांच्या शाळेत. तिथे जाताना नवी भाषा जरूर शिका, इंग्रजीही शिका, हिंदीही बोला. फक्त निघताना आपली बोली घरी कुलपात ठेवून जाऊ नका. त्या सहा कलाकारांना ती परत मिळायला जवळजवळ १५ वर्षं लागली. तुमच्याकडे ती आत्ता आहे.

आज रात्री जेवताना मुलांना चरणदास चोराची गोष्ट सांगा. जमेल तर तुमच्या आजीच्या बोलीत सांगा. बघा, कोण आधी हसतं ते!